मोटारीविना हेवीझ: गरम पाण्याच्या तळ्यापर्यंत पोहोचणे आणि तिथे राहणे (हंगेरी)

अनघा_सांगलीकर

नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस माझे आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे म्युनिकला येत आहेत. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे आणि तिच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी कोमट पाण्यातले व्यायाम सुचवले आहेत, त्यामुळे त्यांच्या मुक्कामातला एक आठवडा हंगेरीतल्या हेवीझच्या तळ्याकाठी घालवावा असा आमचा विचार आहे. अडचण अशी की आमच्याकडे मोटार नाही. भारतीय परवान्यावर जर्मनीत सहा महिन्यांपलीकडे गाडी चालवता येत नाही आणि जर्मन परवाना काढण्याचे काम आम्ही दोघांनीही लांबणीवर टाकलेले आहे. नकाशावर पाहिले तर हेवीझला रेल्वे स्थानकच दिसत नाही. आईला जिने चढणे जड जाते, बाबा सत्तरीचे असून चालण्यात तरबेज आहेत, आणि सामान म्हणजे दोन मोठ्या बॅगा. अशा मंडळींना घेऊन सार्वजनिक वाहनांनी तिथे जाणे शहाणपणाचे आहे का, की त्याऐवजी थेट रेल्वे असलेले बालातोनफ्युरेड निवडावे? दोन्ही ठिकाणी राहिलेल्यांनी किंवा त्या भागात वास्तव्य असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दानूबकाठचा

अनघाताई, मी बुडापेस्टमध्ये राहतो आणि माझ्याकडेही मोटार नाही. हेवीझला रेल्वे नाही हे खरे आहे, परंतु त्यामुळे तिथे जाणे अवघड होत नाही. अडचण येते ती प्रवासाचा शेवटचा टप्पा कसा आणि किती वाजता गाठायचा हे आधी न ठरवल्यामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हेवीझपासून सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक केस्टहेय हे आहे. ते बालातोन सरोवराच्या पश्चिम टोकाला, अगदी काठावर आहे. स्थानकातून बाहेर पडले की शेजारीच बसचे फलाट आहेत आणि तिथून हेवीझची बस साधारण पंधरा ते वीस मिनिटांत पोहोचवते. कामाच्या दिवशी दिवसभरात या बस वरचेवर असतात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्या कमी होतात, आणि संध्याकाळनंतर तर बऱ्याच विरळ होतात. त्यामुळे केस्टहेयला रात्री उशिरा पोहोचणारी गाडी स्वस्त दिसली तरी ज्येष्ठांना घेऊन ती धरू नये. हेवीझचे बसस्थानक तळ्याच्या प्रवेशद्वारासमोरच आहे. युरोपातल्या फार थोड्या आरोग्यस्थानांत बसमधून उतरून रस्ता ओलांडला की पाण्याचे तिकीट काढता येते, आणि मोटारीने येणाऱ्यांना मात्र वाहनतळ शोधत फिरावे लागते.

म्युनिकहून तुमच्यासाठी सोयीचा मार्ग असा. म्युनिक ते बुडापेस्ट ही थेट रेलजेट गाडी साल्झबर्ग, लिंझ, व्हिएन्ना, ग्योर असे करत सुमारे सात तासांत येते. पुष्कळ लोक ती शेवटपर्यंत म्हणजे बुडापेस्टच्या कलेती स्थानकापर्यंत धरतात आणि मग शहर ओलांडून देली स्थानकावर जातात. ती यातायात अनावश्यक आहे. रेलजेट आधी बुडापेस्टच्याच केलेनफ्योल्ड स्थानकावर थांबते, आणि बालातोनच्या दक्षिण काठाने केस्टहेयकडे जाणाऱ्या गाड्या देलीहून निघोत की कलेतीहून, त्याही केलेनफ्योल्डवरूनच जातात. तिथेच गाडी बदलावी. पुढचा प्रवास अडीच ते तीन तासांचा आहे. काही गाड्या थेट केस्टहेयला जातात, तर काहींना वाटेत बदल असतो, म्हणून आरक्षण करताना थेट गाडी निवडावी. जाताना उजव्या हाताची खिडकी मिळाली तर शिओफोकच्या पुढे बराच वेळ बालातोनची सोबत राहते.

आई-बाबांचा विचार करता हा सगळा प्रवास एका दिवसात करू नये. व्हिएन्नात किंवा बुडापेस्टमध्ये एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर दुपारी उजेडात हेवीझला पोहोचाल.

रेल्वेपिसाट

वरील प्रतिसादात एक भर. बुडापेस्टहून हेवीझला थेट बसही आहे. ती नेपलिगेट बसस्थानकावरून सुटते आणि तिला साधारण तीन तास लागतात, म्हणजे रेल्वे अधिक बस यांच्या एकत्रित वेळेपेक्षा ती फारशी मागे पडत नाही. सामान एकदा बसच्या पोटात ठेवले की तळ्यासमोरच काढायचे, मध्ये काही उचलावे लागत नाही. भारतातून थेट बुडापेस्टला उतरणाऱ्यांसाठी तर हाच मार्ग सर्वांत सरळ आहे. विमानतळावरून 200ई क्रमांकाची बस केबान्या-किशपेश्तला जाते, तिथून तिसऱ्या क्रमांकाच्या मेट्रोमार्गाने नेपलिगेट गाठता येते. या मेट्रोमार्गाचे नूतनीकरण 2023 मध्ये पूर्ण झाले आणि आता तिच्या स्थानकांवर उद्वाहने आहेत, त्यामुळे बॅगा घेऊन जिने चढण्याची वेळ येत नाही.

मला स्वतःला रेल्वेच प्रिय आहे, हे माझ्या नावावरून कळलेच असेल. तरीही गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मी बसच सुचवेन. दक्षिण काठाच्या मार्गावरचे जुने डबे उंच आहेत, लहान स्थानकांवरचे फलाट बुटके आहेत आणि डब्याच्या पायऱ्या उभ्या आहेत. बसलाही दोन-तीन पायऱ्या असतात, पण त्या एकदाच चढायच्या असतात.

अनघा_सांगलीकर

दोघांचेही मनापासून आभार. केलेनफ्योल्डची माहिती मला कुठेच मिळाली नव्हती. बालातोनफ्युरेडबद्दल कुणी सांगेल का? बाबांना ते ठिकाण रवींद्रनाथांमुळे पाहायचे आहे.

कृष्णाकाठ

मी फ्युरेडच्या बाजूने लिहितो. बुडापेस्टहून उत्तर काठाने जाणारी थेट गाडी दोन तासांच्या आसपास तिथे पोहोचते. या मार्गाचे विद्युतीकरण 2021 मध्ये फ्युरेडपर्यंत पूर्ण झाले. रेल्वे आणि बस यांची स्थानके एकमेकांना लागून आहेत आणि तिथून सरोवराचा काठ सुमारे एक किलोमीटरवर, उताराच्या दिशेने आहे. 1926 च्या युरोप दौऱ्यात रवींद्रनाथ टागोर आजारी पडले, तेव्हा त्यांना विश्रांतीसाठी फ्युरेडच्या हृदयरोग रुग्णालयात आणले गेले होते. 8 नोव्हेंबर 1926 रोजी त्यांनी तिथे लिंडनचे झाड लावले, आणि काठावरच्या झाडांनी भरलेल्या रम्य वाटेला आता त्यांचेच नाव आहे. पुढे इंदिरा गांधींसह अनेक भारतीय पाहुण्यांनीही तिथे झाडे लावली. परक्या देशात सरोवराकाठी टागोरांचा अर्धपुतळा दिसतो तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना होणारा आनंद शब्दांत सांगण्यासारखा नसतो. गाव देखणे आहे, काठ सपाट आहे, आणि उन्हाळ्यात धक्क्यावरून तिहान्य या शेजारच्या द्वीपकल्पाची बोट मिळते. तिहान्यचा मठ 1055 मध्ये स्थापन झालेला आहे.

मोटार नसलेल्याने रेल्वे असलेल्या गावी राहावे, हे माझे साधे मत आहे.

पाण्यातले_व्यायाम

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते, कृष्णाकाठ यांनी राग मानू नये. फ्युरेड आणि हेवीझ या दोन्ही गावांना आरोग्यस्थाने म्हणतात, पण त्यांचे पाणी आणि त्यांचा उपयोग वेगळा आहे. फ्युरेडची कीर्ती तिथल्या कर्बवायूयुक्त खनिज झऱ्यांमुळे झाली. ते पाणी थंड असते, ते पितात, आणि तिथली परंपरा हृदयरोग्यांच्या उपचारांची आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस बालातोनमध्ये उतरून गुडघ्यांचे व्यायाम करण्याचा प्रश्नच येत नाही.

हेवीझचे तळे स्वतःच गरम आहे. सुमारे साडेचार हेक्टरांचे हे तळे तळाशी असलेल्या एका गुहेतल्या झऱ्यांवर पोसले जाते. ही गुहा पाणबुड्यांना 1975 मध्ये सापडली, आणि तीत गरम व तुलनेने थंड असे दोन्ही प्रवाह एकत्र मिसळतात. सर्वांत खोल जागी तळे सुमारे 38 मीटर खोल आहे. दर सेकंदाला साधारण 400 लिटर पाणी वर येत असल्यामुळे संपूर्ण तळ्याचे पाणी तीनेक दिवसांत बदलते. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे तापमान 33 ते 36 अंशांपर्यंत जाते आणि कडाक्याच्या थंडीतही ते सहसा 22 अंशांच्या खाली उतरत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ते या दोन टोकांच्या मधे असेल. थंडी वाटलीच तर तळ्याच्या मध्यभागी खांबांवर उभारलेल्या इमारतीत आतूनच पाण्यात उतरता येते. तिथल्या संधिवात रुग्णालयाला शंभरांहून अधिक वर्षांच्या उपचारपरंपरेचा वारसा आहे. मणक्याच्या विकारांसाठी रुग्णाला पाण्यात उभे लटकवून वजने लावण्याची पद्धत डॉ. कारोय मोल यांनी 1953 मध्ये इथेच विकसित केली.

अनघाताई, निघण्यापूर्वी आईंचा रक्तदाब आणि हृदयाची तपासणी अवश्य करून घ्या. या पाण्यात गंधक आहे आणि अल्प प्रमाणात रेडॉनही आहे. पाण्यात एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक राहू नये आणि बाहेर आल्यावर तितकाच वेळ स्वस्थ बसावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांसाठी: चांदीची जोडवी आणि पैंजण खोलीवरच काढून ठेवावेत, गंधकाच्या पाण्याने ते काळे पडतात.

कृष्णाकाठ

राग कसला, उलट आभारच मानतो. उपचार हा हेतू असेल तर हेवीझ निवडावे, हे मला मान्य आहे. मात्र टागोरांचे झाड एका दिवसात पाहून परत येता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

दानूबकाठचा

येता येईल, पण तो दिवस थकवणारा असतो. केस्टहेयहून तापोल्त्साला गाडी बदलून उत्तर काठाने फ्युरेडला जाता येते, आणि वाटेत बादाचोन्यचा सपाट माथ्याचा ज्वालामुखीजन्य डोंगर खिडकीतून दिसतो. बदलाची वाट पाहणे धरले तर एका दिशेने दोन तासांच्या आसपास वेळ जातो. ऑक्टोबरमध्ये दिवस लहान असतो, आणि परतताना केस्टहेयहून हेवीझची बस चुकली तर टॅक्सी हाच पर्याय उरतो. त्यापेक्षा हेवीझचा मुक्काम संपवून बुडापेस्टला परतताना उत्तर काठाने यावे आणि फ्युरेडला एक रात्र राहावे. म्हणजे जाताना दक्षिण काठ, येताना उत्तर काठ, आणि बाबांना टागोरांच्या वाटेवर सकाळी निवांत फिरता येईल.

बोटींच्या भरवशावर मात्र काही ठरवू नका. बालातोनवरच्या प्रवासी बोटींचा हंगाम उन्हाळ्याचा असतो आणि शरद ऋतूत त्या झपाट्याने कमी होत जातात. तिहान्य आणि सान्तोद यांच्यामधली तराफ्यासारखी मोटारवाहू बोट हंगामाबाहेरही बराच काळ चालते आणि तिच्यात पायी प्रवाशांनाही घेतात, पण ती तुमच्या वाटेवर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी केस्टहेय ते बादाचोन्य बोटीने जाऊन रेल्वेने परतण्याचा बेत जरूर करावा.

तिकीटखिडकी

पैशांविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. हंगेरीत 65 वर्षांवरील युरोपीय संघाच्या नागरिकांना रेल्वे आणि बसचा प्रवास मोफत आहे. ही सवलत केवळ वयावर नव्हे तर नागरिकत्वावरही अवलंबून आहे, त्यामुळे भारतीय पारपत्र असलेल्या आई-बाबांना ती लागू होत नाही. प्रवासी संकेतस्थळांवर नुसतेच 'ज्येष्ठांना मोफत' असे लिहिलेले असते आणि आपली मंडळी तिकीट न काढता बसतात, मग तपासनीसासमोर हंगेरियन भाषेत खुलासा करण्याची वेळ येते.

मे 2023 पासून संपूर्ण देशासाठी एक मासिक पास सुरू झाला. सुरू होताना त्याची किंमत 18,900 फोरिंट होती. एका परगण्यापुरता पास त्याच्या निम्म्या किमतीला होता. एका आठवड्यात एकदाच लांबचा प्रवास करणाऱ्याला हे पास परवडत नाहीत, सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. महिनाभर राहणाऱ्याने मात्र हिशेब करून पाहावा. जलद गाड्यांसाठी तिकिटाव्यतिरिक्त जागेचे आरक्षण वेगळे लागते, ते विसरू नये. तिकिटे हंगेरियन रेल्वेच्या अ‍ॅपवर काढावीत, कारण गाडी कोणत्या रुळावर येणार आणि किती उशिरा येणार हेही तिथेच कळते. हंगेरीत युरो नव्हे तर फोरिंट चालतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. व्हिसा मात्र तोच शेंगेन चालतो.

अनघा_सांगलीकर

पारपत्राची गोष्ट फार उपयोगी आहे. बाबांनी 'आमचे तिकीट लागणार नाही' असे मला आधीच सांगून टाकले होते! आता राहण्याचा प्रश्न. केस्टहेयला राहून रोज हेवीझला ये-जा करावी का? तिथे घरे स्वस्त दिसतात आणि गावात पाहण्यासारखेही बरेच आहे.

रेल्वेपिसाट

धडधाकट माणसांना मी केस्टहेयच सुचवले असते. फेश्तेतिच घराण्याचा राजवाडा तिथे आहे, सरोवराचा काठ आहे, चालण्यासाठी राखलेला मुख्य रस्ता आहे, रेल्वे दारात आहे. त्याच घराण्यातल्या ग्योर्ग फेश्तेतिच यांनी 1797 मध्ये केस्टहेयला शेतीचे उच्च शिक्षण देणारी संस्था काढली, आणि हेवीझच्या स्नानगृहांची सुरुवातही त्यांनीच करून दिली. दोन्ही गावांना जोडणारी सायकलवाट आहे, तुमचे बाबा कदाचित त्यावरून रमतगमत जातील.

परंतु गरम पाण्यातून बाहेर आल्यावर अंग सैल पडते, झोप येते, आणि अशा वेळी ओले कपडे पिशवीत घेऊन बसची वाट पाहत उभे राहणे आईंना सोसणार नाही. उपचारासाठी आलेल्याने पाण्याजवळच राहावे. स्वस्त घराच्या मोहात ही गोष्ट हमखास नजरेआड होते.

दानूबकाठचा

सहमत. हेवीझमध्येही जागा निवडताना चढ पाहावा. तळे सखल भागात आहे आणि गाव त्याच्या पश्चिमेला चढत गेले आहे. छायाचित्रांत जी हॉटेले 'तळ्यापासून दहा मिनिटांवर' दिसतात, त्यांतली काही परत येताना चढणीची दहा मिनिटे असतात. राकोत्सी रस्त्याच्या परिसरात, म्हणजे वाहनबंदी असलेल्या भागात आणि तळ्याच्या शक्य तितक्या जवळ खोली घ्यावी. तिथून औषधांचे दुकान, खाणावळी, बसस्थानक हे सगळे चालत गाठता येते. बऱ्याच हॉटेलांत स्वतःची गरम पाण्याची कुंडे आहेत, त्यामुळे पावसाच्या दिवशी बाहेर पडण्याचीही गरज उरत नाही.

गावात फिरण्यासाठी वाहन लागत नाही. एकच ठिकाण लांब आहे, ते म्हणजे एग्रेद्य हा उत्तरेकडचा जुना भाग. तिथे तेराव्या शतकातले छोटे चर्च, द्राक्षमळे आणि मद्यतळघरांची रांग आहे. हंगामात रस्त्यावरून धावणारी छोटी पर्यटक गाडी तिथपर्यंत जाते. ऑक्टोबरअखेरीस ती मिळेलच असे नाही, म्हणून बाबांनी चालत जावे आणि आईंनी टॅक्सीने.

पाण्यातले_व्यायाम

तापोल्त्साच्या पाताळी तळ्याचा उल्लेख वर आला नाही, पण कुणीतरी सुचवण्याआधी सांगते. केस्टहेयहून रेल्वेने अर्ध्या तासावर हे गाव आहे आणि तिथल्या गुहेत स्वतः वल्हवत छोटी होडी फिरवता येते. बाबांना फार आवडेल. आईंना मात्र तिथे नेऊ नये, खाली उतरायला जिना आहे.

अनघा_सांगलीकर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून असा बेत ठरला आहे. पहिल्या दिवशी व्हिएन्नापर्यंत जाऊन तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेलजेटने केलेनफ्योल्ड, तिथून थेट केस्टहेय आणि मग बस. गुडघ्यांसाठी नेपलिगेटची बस अधिक सोयीची असली तरी त्यासाठी शहरात शिरून मेट्रो बदलावी लागते, आणि बॅगा चढवायला आम्ही दोघे आहोतच. हेवीझला पाच रात्री तळ्याजवळ, परतताना फ्युरेडला एक रात्र. आता दोन शंका उरल्या आहेत. आईला पोहता येत नाही, तर 38 मीटर खोल तळ्यात ती उतरणार कशी? आणि तिथे फुलणारी तांबडी कमळे भारतातून नेलेली आहेत असे वाचले, ती ऑक्टोबरअखेरीस दिसतील का?

पाण्यातले_व्यायाम

पोहता न येणारे असंख्य लोक तिथे उतरतात. रबरी किंवा फोमचे कडे भाड्याने मिळते, ते काखेखाली घेऊन लोक पाण्यात उभ्यानेच तरंगत गप्पा मारत असतात. पाय तळाला न टेकता शरीराचा भार उतरतो, हाच गुडघ्यांसाठी त्याचा मुख्य फायदा आहे. धरायला कठडे आहेत आणि उतरायला पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत उतरा आणि मध्यभागी न जाता कठड्याजवळच थांबा. शक्य झाल्यास जाण्याआधी आईंना जवळच्या तरणतलावात एकदा कड्यासह उतरवून पाहा, म्हणजे तिथे धीर येईल.

दानूबकाठचा

फुले भारतीयच आहेत. शांदोर लोवाशी या निसर्गअभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही तांबडी कुमुदिनी तिथे लावली. हंगेरीच्या हिवाळ्यात एरवी तग न धरणारी ही वनस्पती केवळ कोमट पाण्यामुळे रुजली आणि आता गावाच्या मानचिन्हातही आहे. बहर उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत असतो, त्यामुळे ऑक्टोबरअखेरीस थोडीफार फुले मिळण्याची शक्यता चांगली आहे. पहाटे आणि सकाळी पाहावीत, दुपारी ती मिटतात.

एक शेवटची सूचना प्रवासाविषयी. हिवाळी वेळापत्रकात तळे संध्याकाळी लवकर बंद होते. पोहोचण्याच्या दिवशी लगेच पाण्यात उतरण्याचा बेत ठेवू नका, आणि 23 ऑक्टोबर किंवा 1 नोव्हेंबर हे दिवस तुमच्या प्रवासात येत असतील तर बसचे वेळापत्रक सुट्टीचे समजूनच पाहा. दोन्ही दिवशी हंगेरीत सार्वजनिक सुट्टी असते आणि दुकानेही बहुतेक बंद असतात, तेव्हा दूध आणि पाव आदल्या दिवशी घेऊन ठेवा.